नावाचा उतारा

गिरधर बोरसे सरांना कॉम्प्युटर येत नव्हता. कॉम्प्युटरविषयी बोलता येत होतं, आणि १९९८ च्या जळगावात तेवढं पुरेसं होतं. नवी पेठेत पहिल्या मजल्यावर त्यांचा क्लास होता. सहा मशीन, त्यातली चार चालू. दोन बंद मशीनवर मखमली झाकणं कायम घातलेली असत आणि कोणी विचारलं, तर ती 'ॲडव्हान्स कोर्स'साठी आहेत असं सर सांगत. ॲडव्हान्स कोर्स कधीच सुरू झाला नाही. मी तिथे तीन वर्षं शिकवलं, सकाळी सात ते दुपारी चार. त्या मखमलीवरची धूळ झटकण्याचं कामही माझ्याकडेच होतं.

सर मूळचे नरडाण्याकडच्या एका खेड्यातले. वडील तलाठ्याच्या हाताखाली कोतवाल होते. तलाठ्याच्या दप्तरापुढे अंगावर शहारा आल्यागत उभी राहणारी माणसं त्यांनी लहानपणापासून पाहिली होती. जमीन कसणारा बाहेर उन्हात आणि जमिनीचा कागद लिहिणारा आत पंख्याखाली, हे त्यांच्या मनात पक्कं बसलं होतं. त्यांना आयुष्यात एकच व्हायचं होतं, ते म्हणजे पंख्याखालचा माणूस. बी.एस्सी.ला दोनदा नापास झाले, काही काळ खतांच्या दुकानात बसले, आणि मग कॉम्प्युटर आला. कॉम्प्युटर म्हणजे असं दप्तर की ज्यातलं गावात कोणालाच वाचता येत नाही. सरांना आणखी काय हवं होतं?

इंटरनेट आलं तेव्हा शहाणी माणसं पत्रं पाठवायला शिकली. सरांनी त्यात सातबारा शोधून काढला. इंटरनेटवर ज्याचं त्याचं नाव असतं, पुढे डॉट कॉम लागतं, आणि अमेरिकेत एका मशीनवर त्या सगळ्या नावांच्या नोंदी असतात. नाव कोणाच्या मालकीचं, त्याचा पत्ता काय, नोंद कधी झाली, शेवटचा बदल कधी झाला, हे त्या मशीनला कोणीही विचारावं आणि मशीनने सांगावं. कोणाला पैसे द्यायचे नाहीत, कोणापुढे उभं राहायचं नाही. इतकी उघडी गोष्ट, पण सरांनी तिच्यावर पडदा घातला आणि पडद्याआड स्वतः बसले. पाइपवाले, डाळमिलवाले, सराफ, सगळ्यांना ते सांगत फिरायचे, की तुमचं नाव अमेरिकेत कोणीतरी चढवून घेईल, आणि मग आयुष्यभर हात चोळत बसाल. वर्षभरात सव्वीस जणांनी आपली नावं सांभाळायला त्यांच्याकडे दिली.

सांभाळायचं म्हणजे मुख्यतः तारखेवर लक्ष ठेवायचं. नाव दोन वर्षांसाठी मिळायचं. मुदत संपण्याआधी पुन्हा पैसे भरले नाहीत, तर थोडे दिवस वाट बघून ते मोकळं सोडत, आणि मग जो पहिला मागेल त्याचं. सव्वीस नावं रोज एकेक करून विचारायची, आलेलं इंग्रजी वाचायचं, तारीख वहीत टिपायची. हे काम सरांनी मला दिलं, कारण इंग्रजी वाचताना त्यांचं डोकं दुखायचं. इंटरनेटसाठी नाशिकचा नंबर एसटीडीवर लावून हे करता करता सकाळ जायची. महिनाभर केलं आणि कंटाळून मी एक प्रोग्रॅम लिहिला. तो आपणहून सव्वीस नावं विचारायचा, उत्तरातून मालकाचं नाव आणि नोंदणीची तारीख उचलायचा, तारखेत दोन वर्षं मिळवायचा, आणि तक्ता छापायचा. पाच मिनिटांत सगळं आटपायचं.

सरांनी तो तक्ता पाहिला आणि त्यांचे डोळे चमकले. तक्त्याचं काय करायचं हे त्यांना माझ्याआधी कळलं. त्यांनी मला प्रत्येक नावाचा वेगळा कागद छापायला लावला. चारी बाजूंनी चौकट, वर 'नावाचा उतारा', खाली मुदत, आणि त्याखाली क्लासचा गोल शिक्का, जांभळ्या शाईचा. व्यापाऱ्यांनी तो कागद लॅमिनेट करून गल्ल्यामागे लावला. एका सराफाने तर देवाच्या फोटोशेजारी लावला आणि त्यालाही दसऱ्याला झेंडूची माळ घातली. स्वतःचं नाव स्वतःचं आहे हे शिक्का बघितल्याशिवाय ज्यांना पटत नाही, अशा माणसांनी गाव भरलेलं असलं की बोरसे सरांसारख्यांचं बरं चालतं. एखाद्याने विचारलं असतं, की सर, हे यंत्र उत्तर कसं वाचतं, तर सरांना घाम फुटला असता. पण सव्वीस जणांत तसा एकही निघाला नाही.

आता माझा प्रोग्रॅम उत्तर कसं वाचायचा ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. अमेरिकेतलं मशीन एकेक ओळ करून उत्तर पाठवायचं. आधी मालकाचं नाव, मग त्याचा पत्ता, मग देखभाल करणाऱ्यांची नावं आणि फोन, मग शेवटच्या बदलाची तारीख, आणि तिच्याखाली नोंदणीची तारीख. मी बघितलं, की नोंदणीची तारीख नेहमी वरून सतराव्या ओळीत येते. प्रोग्रॅमला मी एवढंच शिकवलं, की सतरावी ओळ उचल. तिच्यात काय लिहिलंय ते त्याने बघायचं नाही. घाईत केलेलं काम होतं, पण पंचवीस जणांसाठी ते बरोबर चालायचं, कारण पंचवीस जणांचे पत्ते तीन ओळींचे होते. कारखाना, रस्ता, जळगाव.

सव्विसावे मुख्तारभाई. ते रावेरचे, केळीचे व्यापारी. वडील हयात असताना केळी पानांत गुंडाळून वॅगनींतून दिल्लीला जायची, आणि पेढी वडिलांच्या नावाने होती. मुख्तारभाईंना माल दुबईला पाठवायचा होता. तिथे गोदामात काम करणाऱ्या त्यांच्या मावसभावाने, जब्बारने, जून ९७ मध्ये स्वतःच्या कार्डावर पैसे भरून वडिलांचं नाव इंटरनेटवर घेऊन ठेवलं होतं आणि नंतर सांभाळायला आमच्या क्लासकडे दिलं. खोक्यांवर छापायला तेच नाव, पत्रव्यवहाराला तेच नाव. 'अब्बांचं नाव दर्यापार गेलं,' असं मुख्तारभाई म्हणायचे, आणि म्हणताना किंचित लाजायचे. सरांच्या सव्वीस गिऱ्हाइकांत मला सहन होणारे ते एकटे. दर शनिवारी एसटीने यायचे, बूट जिन्याखाली काढायचे, क्लासच्या मशीनवर आपलं ईमेलचं टपाल बघायचे, आणि जाताना विद्यार्थ्यांना केळी वाटायचे.

नोंदीत त्यांचाही पत्ता तीनच ओळींचा होता, पेढी, रावेर, जळगाव जिल्हा. अमेरिकेहून आलेली पत्रं कुठेतरी फिरत राहायची. तेव्हा नोव्हेंबर ९८ मध्ये सरांनी स्वतः सांगून माझ्या हाताने त्यात दुरुस्ती केली. आपल्याकडे पोस्टमनला घर सापडावं म्हणून जे लिहितो ते त्यांनी इंग्रजीत लिहायला लावलं: जुन्या जिनिंगच्या मागे, मशिदीसमोर. पत्त्यात एक ओळ वाढली. चौकातल्या माणसाला घराची खूण सांगावी तशी सरांनी अमेरिकेला सांगितली, आणि त्यावर त्यांना फार अभिमान वाटला. दोन दिवस येईल त्याला सांगत होते.

एक ओळ वाढली म्हणजे खालचं सगळं एकेक ओळ सरकलं. सतराव्या ओळीत नोंदणीची तारीख होती तिथे आता शेवटच्या बदलाची तारीख आली. प्रोग्रॅम बिचारा ती उचलायला लागला. नोव्हेंबर ९८ मध्ये दोन वर्षं मिळवली, की नोव्हेंबर २०००. खरी मुदत होती जून ९९. मला हे जानेवारीत दिसलं.

मी लगेच सरांना सांगितलं. एका नावाची तारीख चुकीची छापली जातेय, तासाभरात दुरुस्त करते, सतरावी ओळ न मोजता ओळीतले शब्द बघून तारीख उचलायला शिकवते. दिवस नेमका वाईट होता. सरांनी त्या दिवशी गावातल्या एका पेपरच्या वार्ताहराला बोलावलं होतं, 'खान्देशात तयार झालेलं यंत्र' दाखवायला, आणि ते यंत्र आपण स्वतः रात्रंदिवस खपून तयार केल्याचं त्याला फोनवर सांगूनही झालं होतं. चिडले की सरांची शहरी भाषा गळून पडायची आणि गावची अहिराणी बाहेर यायची. पंधरा विद्यार्थ्यांसमोर ते म्हणाले, "तुले काय कयस त्यामा? बठ्ठं बरोबर शे. तू हात लावू नको." मग विद्यार्थ्यांकडे वळून त्यांनी शुद्ध मराठीत सांगितलं, की मुलींचा टायपिंगला हात चांगला असतो, त्यांनी तेवढंच करावं. पोरं हसली. वार्ताहर आला, फोटो निघाला, सर माझ्या खुर्चीत बसून माझ्या प्रोग्रॅमकडे बोट दाखवत होते. तो फोटो पेपरात आतल्या पानावर आला. फोटोच्या कोपऱ्यात माझी कोपरापासून खालची बाही दिसते.

त्या दिवशी मी ठरवलं, की हात लावायचा नाही. सांगितलंय ना, मग नाही लावत. या माणसाचा शिक्का एक दिवस याच्याच तोंडावर उमटू दे. मला तो दिवस डोळ्यांनी बघायचा होता आणि मी थांबायला तयार होते. गिरधर बोरसेंचा मला इतका तिटकारा आला होता, की सकाळी जिना चढताना त्यांच्या चपला बाहेर दिसल्या तरी माझं डोकं तडकायचं. चपलाही साध्या नव्हत्या, पेपरात फोटो आल्यावर त्यांनी करकर वाजणाऱ्या घेतल्या होत्या.

मे महिन्यात मुख्तारभाई शनिवार नसताना आले. बाहेर पंचेचाळीस-सेहेचाळीस ऊन, त्यांचा सदरा पाठीला चिकटलेला. हातात अमेरिकेचं पाकीट. मशिदीसमोरच्या पत्त्यावर ते बिनचूक पोचलं होतं, सरांच्या त्या एका ओळीमुळे. आत लिहिलं होतं, की नावाची मुदत जूनमध्ये संपतेय, पैसे भरा. जब्बार भरायला तयार होता. मुख्तारभाई एवढंच विचारायला आले होते, की भरायचे ना?

सरांनी पाकीट दोन बोटांत धरून उजेडाकडे केलं. वाचलं नाही. मग कूलरसमोरून उठले, मशीनवर बसले आणि स्वतःच्या हाताने उतारा काढला. तेवढं एक बटण त्यांना येत होतं. प्रिंटर कर्र कर्र करत चौकट छापू लागला. मुदत, नोव्हेंबर २०००. सरांनी शिक्का दाबला आणि कागद पाकिटावर ठेवला. म्हणाले, की हे अमेरिकेवाले असेच असतात, वर्ष-दीड वर्ष आधीच पैसे मागत सुटतात, गरीब देशाला लुटायचे धंदे. दप्तरात काय आहे ते बघायचं, आलेल्या नोटिशीला भ्यायचं नाही. तलाठ्याचा उतारा हातात असताना कोणी सावकार उंबऱ्यावर येतो का?

मुख्तारभाईंनी दोन्ही कागद शेजारी धरले. एक परक्या मुलखाचा, बिनशिक्क्याचा. दुसरा जळगावचा, शाई अजून ओली. आपल्याकडचा माणूस यातला कुठला खरा मानील हे सांगायला नको. तरी त्यांना रुखरुख होती. त्यांनी मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. सरांनीही बघितलं, आणि फार मोठेपणाने विचारलं, "कुंदा, उतारा बरोबर आहे ना?"

मी म्हणाले, "प्रोग्रॅम जे वाचतो तेच छापतो, सर."

या वाक्यात खोटं काहीच नव्हतं. घरी जाताना रस्ताभर मी ते मनाशी घोळवत होते आणि मला हसू येत होतं. त्यात सरांना मारलेला टोला सरांना कळलाच नाही, एवढे ते मठ्ठ, असं वाटून मी खूश झाले. मुख्तारभाईंनी अमेरिकेचं पाकीट सदऱ्याच्या खिशात कोंबलं, उतारा मात्र नीट गुंडाळून छातीशी धरून नेला. जब्बारला त्यांनी संध्याकाळी फोन करून कळवलं, की पैसे भरू नकोस.

जून गेला. नाव जागेवर होतं. जुलै गेला, तरी होतं. मी रोज सकाळी बघायचे आणि खरं सांगायचं तर मला थोडी निराशाच व्हायची. मुख्तारभाईंनी तोवर आठ हजार खोकी छापून घेतली होती, प्रत्येकावर वडिलांचं नाव आणि पुढे डॉट कॉम. ऑगस्टअखेर दुबईचा व्यापारी पहिला कंटेनर कधी निघतो हे लिहून विचारणार होता, आणि मुख्तारभाईंचा लेखी होकार आला की माल निघणार होता. ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी अमेरिकेतल्या मशीनने मुख्तारभाईंच्या वडिलांच्या नावापुढे दुसराच पत्ता दाखवला. कॅनडातला एक दंतवैद्य. नाव तंतोतंत तेच, त्याच्या आईबापांनी ठेवलेलं, त्यामुळे त्याला चोर म्हणण्याचीही सोय नव्हती.

मी सरांना सांगितलं. या वेळी मी सावकाश सांगितलं, चव घेत. सरांचा चेहरा क्षणभर उतरला, मग त्यांनी तो पुन्हा वर चढवला. पुढचे तीन शनिवार मुख्तारभाई टपाल बघायला आले, तेव्हा सरांनी त्यांना सांगितलं, की दुबईत सुट्या लागल्यात, टपाल नाही. दुबईची पत्रं तिकडे दंतवैद्याच्या मशीनवर जात होती. तीन पत्रांना उत्तर आलं नाही तेव्हा त्या व्यापाऱ्याने फिलिपिन्सची केळी घेतली. जब्बारला हे गोदामातल्या कोणाकडून तरी कळलं, आणि त्याच्याकडून रावेरला. बागांतले घड कापून तयार होते. ते शेवटी ट्रकमध्ये भरून मिळेल त्या भावात उत्तरेला गेले, आणि खोकी तशीच राहिली, कारण दुसऱ्याच्या नावाची खोकी घेऊन कोण काय करणार?

मुख्तारभाई भांडायला येतील, सरांची कॉलर धरतील, बाकीचे पंचवीस जणही आपापले उतारे घेऊन जिन्यात उभे राहतील, असं मी धरून चालले होते. कोणी आलं नाही. सरांनी गावभर सांगितलं, की अमेरिकेतल्या मशीनने दगा दिला, आपला उतारा तर साफ होता, शिक्क्यासकट. गावाला ते पटलं. दगा द्यायला अमेरिका आहे म्हटल्यावर नरडाण्याच्या माणसावर कोण संशय घेतो! उलट लोक म्हणू लागले, की पाहा, सर सांगत होतेच, की नावं चोरीला जातात. दिवाळीच्या आत अकरा नवी गिऱ्हाइकं आली.

मुख्तारभाई आले ते दिवाळीनंतर, एका मंगळवारी दुपारी. सर नव्हते, धुळ्याला गेले होते. तिथे आग्रा रोडवर क्लासची दुसरी शाखा निघणार होती, जागा बघणं चालू होतं. मुख्तारभाई जरा वाळले होते. केळी आणली नव्हती. बसले, पाणी प्याले, आणि म्हणाले, की नवीन नाव घ्यायचंय, अब्बांचं नाही मिळत तर आमच्या पेढीपुढे रावेर जोडून घेऊ. अर्ज तुम्हीच भरा. आणि मग जरा थांबून, "ताई, या वेळी उताऱ्यावर सही तुमची पाहिजे. सरांचा शिक्का नको."

मी विचारलं का. ते म्हणाले, की सर बोलके आहेत हे त्यांना पहिल्या दिवसापासून कळत होतं, केळीच्या धंद्यात असे रोज भेटतात. मे महिन्यात ते सरांच्या भरवशावर परत गेले नव्हते. पाकीट घेऊन थेट जब्बारला फोन लावायचाच त्यांच्या मनात होतं. पण त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि मी बरोबर आहे म्हणाले, म्हणून ते गेले.

मी बरोबर आहे म्हणाले नव्हते. मी काय म्हणाले होते ते शब्दन् शब्द मला पाठ होतं, पण ते त्यांच्यापुढे पुन्हा म्हणायची मला शरम वाटली. सही करून मोकळं होता आलं असतं. मी प्रोग्रॅम तेव्हा दुरुस्तही केलेला होता, दंतवैद्य दिसला त्याच दिवशी. वीस मिनिटं लागली. मी म्हणाले, "मुख्तारभाई, तो उतारा चुकीचा होता. मला जानेवारीपासून माहीत होतं."

ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी फक्त विचारलं, की मग त्या दिवशी बोलला का नाहीत.

"सरांची फजिती व्हावी म्हणून," मी म्हणाले. दुसरं कारण शोधलं असतं तर सापडलं असतं, पण खरं हेच होतं.

मुख्तारभाईंनी खोलीभर नजर फिरवली. नवीन विद्यार्थी दाटीवाटीने बसले होते, भिंतीवर छत्तीस नावांची नवी यादी रंगवलेली होती. मग त्यांनी माझ्याकडे बघून, अगदी माहिती विचारावी तसं विचारलं, "झाली का मग?"

आणि अर्ज न भरताच ते रावेरच्या गाडीला निघून गेले.